मारुतीची वेलांटी आणि संगणक

संगणकाची प्रगती म्हटलं की आपण वेगाबद्दल बोलतो. आज मात्र आपण सातबाऱ्यापासून सुरुवात करू. नमुना सात म्हणजे जमीन कुणाची, नमुना बारा म्हणजे तिच्यात पीक काय, हे अहिल्यानगर जिल्ह्यात कुणाला सांगायला नको. पूर्वी हा उतारा तलाठी हाताने लिहून द्यायचे. आता तो डिजिटल सहीसह मोबाइलवर मिळतो. मधल्या काळात बदललं काय?

उताऱ्यावर ‘मारुति’ असो की ‘मारुती’, तलाठी माणूस ओळखायचे. संगणकाला अक्षर दिसत नाही, आकडा दिसतो. सुरुवातीला तर प्रत्येक मराठी फॉन्टचे आकडे वेगळे. एकीकडे टाइप केलेलं पत्र दुसरीकडे उघडलं की नुसत्या अगम्य खुणा! १९९१ साली युनिकोडची पहिली आवृत्ती आली. तिच्यात देवनागरीला १२८ जागांचा स्वतंत्र पट्टा मिळाला. मजकूर सगळीकडे सारखा वाचता येऊ लागला, पण पहिली आणि दुसरी वेलांटी यांचे क्रमांक वेगळे. त्यामुळे यंत्राच्या लेखी मारुति आणि मारुती हे दोन वेगळे शब्दच राहिले.

मग नावाऐवजी क्रमांक वापरायचा. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं, तरी गाड्यांवरचं ‘एमएच १६’ तेच राहिलं. नाव बदलतं, क्रमांक टिकतो. गट क्रमांक, आधार, शेतकरी ओळख क्रमांक यांमागे हाच विचार आहे. पण जमीन आधारशी जोडायची, तर दोन्हीकडचं नाव पुन्हा जुळवावंच लागतं. तिथे एका वेलांटीपायी अनुदान अडकू शकतं.

हे जुळवण्याचं काम पुढे कृत्रिम बुद्धिमत्ता करील. वेलांटीचा फरक ती सहज ओळखेल. पण आपल्याकडे आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. आजोबा मारुती दगडू, मुलगा दगडू मारुती, नातू पुन्हा मारुती दगडू! इथे अक्षर न् अक्षर जुळतं, माणसं मात्र दोन. यंत्र फार तर शक्यता सांगेल. जमीन कुणाची, हे शक्यतेवर ठरवता येत नाही.

म्हणून नव्या यंत्रणेबद्दल आपण दोन प्रश्न विचारायचे: चूक झाली तर ती कोण दुरुस्त करणार, आणि कुठे? सातबाऱ्यातल्या लेखनचुकीसाठी जमीन महसूल अधिनियम, १९६६ मध्ये कलम १५५ आहे. तशी वाट यंत्राच्या निर्णयालाही हवी. तोवर आज घरी गेल्यावर सातबारा आणि आधार शेजारी ठेवा. वेलांट्या तपासा.