आधी ॲनाटॉमी संपव!

तिबिलिसी, बिश्केक किंवा कझानहून एमबीबीएस करून आलेल्या मुलांना भारतात प्रॅक्टिस करायची तर एफएमजीई पास व्हावं लागतं. आणि तयारीला बसल्या दिवसापासून सीनियर, ओळखीचे डॉक्टरकाका, आत्याचे यजमान असा जो भेटेल तो एकच सल्ला देतो: पहिल्या वर्षापासून सुरू कर, ॲनाटॉमी संपल्याशिवाय पुढे जाऊ नकोस. मग पोरगं ब्रेकियल प्लेक्सस चार रंगांच्या पेनांनी काढून भिंतीवर चिकटवत बसतं आणि परीक्षा तोंडावर आली की पीएसएमचं, म्हणजे प्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्राचं, पुस्तक उघडतं.

यातल्या किती सल्लागारांनी परीक्षेचं माहितीपत्रक वाचलंय? परीक्षा घेणारं मंडळ, एनबीईएमएस, विषयवार गुण स्वतःच त्यात छापतं. एकूण ३०० प्रश्न, ३०० गुण. त्यात ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, बायोकेमिस्ट्री प्रत्येकी १७, म्हणजे तिन्ही मिळून ५१. आता मेडिसिन ३३, सर्जरी ३२, गायनॅक ३०, पीएसएम ३०. झाले १२५. बालरोग, डोळे आणि कान-नाक-घसा यांचे प्रत्येकी १५ मिळवा, १७० होतात. पास व्हायला लागतात १५०. बेरीज चौथीतली आहे, पण ती करायची कुणी?

ॲनाटॉमी सोडून द्या, असं कुणी म्हणत नाही. ती उलट्या बाजूनेही येते. दंडाचं हाड मधोमध मोडलं आणि मनगट लटकलं, तर रेडियल नर्व्हला इजा झाली असणार, हे ऑर्थोपेडिक्स वाचताना कळतं. तेवढी ॲनाटॉमी मग विसरायलाही होत नाही.

पीएसएमला मात्र असा आडमार्ग नाही. 'ते काय, वाचलं की येतं' म्हणून हा विषय शेवटी ढकलतात. त्याचे गुण गायनॅकइतकेच आहेत आणि त्यातला बराचसा भाग परदेशात कुणी शिकवलेलाच नसतो. पेंटाव्हॅलेंट लस ६, १० आणि १४ आठवड्यांना. प्राथमिक आरोग्य केंद्र मैदानी भागात ३०,००० लोकसंख्येमागे, डोंगराळ-आदिवासी भागात २०,००० मागे. बिश्केकच्या प्राध्यापकांनी हे का शिकवावं? आणि तर्काने ते काढणार कसं? आधीपासून हाताशी घेऊन पुन्हा पुन्हा वाचण्याचा विषय आहे हा.

बाकीचे समज चटकन उरकू.

चुकलं की गुण कापतात? नाही. एकही प्रश्न कोरा सोडू नका.

मेरिट लागतं? नाही. शेजारच्याला १९० पडले म्हणून तुमचे १५० कमी होत नाहीत.

रिकॉल पाठ केले की पुरे? मंडळ प्रश्नपत्रिका प्रसिद्धच करत नाही. बाजारात फिरतं ते कुणाच्या तरी आठवणीतलं, उत्तरंही त्याचीच.

छोटे विषय आधी? मानसोपचार, त्वचारोग, भूल यांचे प्रत्येकी ५ गुण आहेत. वेळही त्याच मापाने द्या.

सीनियरच्या फॉरेन्सिकच्या नोट्स चालतात? तपासून घ्या. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंड विधान जाऊन भारतीय न्याय संहिता आली. निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूचं कलम आता ३०४-अ नाही, १०६ आहे.