बाळाला रंग कधी दिसतात?

हजीऱ्यातल्या कंपनी वसाहतींतही हल्ली पाळण्यापाशी मोबाइल लावतात: रंगीत चेंडू नाचतात, मागे मोझार्ट वाजतो. बाळ टक लावून बघतं. पण शिकतं का?

नवजात बाळाला जेमतेम २०-३० सेंटिमीटरवरचं नीट दिसतं, म्हणजे दूध पिताना आईचा चेहरा असतो तेवढ्यावरचं. डोळ्यातल्या रंग टिपणाऱ्या पेशी कच्च्या असल्याने आधी काळं-पांढरं आणि लाल उमगतं. बाकीचे रंग चार-पाच महिन्यांत खुलतात. भराभर बदलणाऱ्या चित्रांवर नजर खिळते, पण बाळाच्या हुंकाराला पडदा ओ देत नाही. आई देते, आणि मेंदूची जडणघडण अशा देवघेवीतूनच होते.

मोझार्टने हुशारी वाढते, हा बोलबाला १९९३च्या प्रयोगामुळे झाला. तो कॉलेजच्या विद्यार्थ्यांवर होता. परिणाम १०-१५ मिनिटांत ओसरला. बाळाला भूप राग ऐकवायचाय? स्वतः गुणगुणा, आणि लाल झबलं हलवून दाखवा.