गर्भिणीचा आहार आणि बाजारांतील रंग

बालाघाटाच्या डोंगरावर वसलेल्या धारूरच्या परिसरांत बाजरी, ज्वारी व तूर हीं घरचीं पिकें होत. परंतु आपली तूर आपण बाजारांत घालतों आणि पुढें पिवळीधमक डाळ विकत आणतों. ह्या उलट्या व्यवहाराचा विचार शेतकरी बंधूंनीं घरांतील गर्भिणीच्या दृष्टीनें करावा, एवढ्यासाठींच आम्ही हा लेख लिहीत आहों.

अन्नांत वरून घातलेली प्रत्येक वस्तु अपायकारक असते असें नव्हे. मिठांत आयोडीन वरूनच घालतात. पण गर्भाच्या मेंदूची वाढ नीट व्हावी म्हणून तें अवश्य आहे. भय आहे तें बेकायदा भेसळीचें. डाळीस व हळदीस चढविला जाणारा मेटॅनिल यलो हा रंग खाण्याचा नव्हे. त्याहून वाईट तें लेड क्रोमेट. हळकुंडांस झळाळी यावी म्हणून कोठें कोठें तें चोळतात. त्यांत शिसें असतें. तें वारेंतून गर्भापर्यंत पोहोंचतें व मेंदूच्या वाढीस बाधा करतें. शिवाय आईच्या हाडांत पूर्वीं सांठलेलें शिसें गरोदरपणीं पुन्हां रक्तांत उतरतें. म्हणजे मुलगी माहेरीं असतां खाल्लेली भेसळ तिच्या बाळाच्या वांट्यास येते.

ह्यांत दोष केवळ व्यापाऱ्याचा नाहीं. गिऱ्हाईक पिवळाधमक माल मागतें म्हणून गुऱ्हाळावर आपणच गुळांत हायड्रॉस टाकतों. भेंडीच्या चिकानें मळी काढलेला तांबूस गूळ दिसण्यांत उणा असेल, खाण्यांत नाहीं.

आतां रक्षक वनस्पतींविषयीं. सन 1928 मध्यें डॉ. ल्यूसी विल्स ह्या इंग्रज विदुषी मुंबईस आल्या व गिरणी-कामगारांतील गरोदर स्त्रियांच्या पांडुरोगाचा त्यांनीं शोध घेतला. यीस्टच्या अर्कानें तो बरा होतो असें त्यांनीं 1931 सालीं प्रसिद्ध केलें. पुढें 1941 सालीं पालकाच्या पानांतून तेंच द्रव्य वेगळें काढण्यांत आलें व पानावरूनच त्यास फॉलिक आम्ल हें नांव पडलें. मेंदू व पृष्ठरज्जु ज्या नळीपासून बनतात ती गर्भधारणेनंतर चार आठवड्यांच्या आंतच मिटते. त्या वेळीं पुष्कळ स्त्रियांस दिवस गेल्याचें ठाऊकही नसतें. म्हणून फॉलिक आम्ल आधींपासूनच पोटांत जावें लागतें. त्यानें ह्या नळीचें व्यंग पुष्कळ टळतें, हें 1991 सालच्या प्रयोगानें सिद्ध झालें.

शेवग्याचा पाला, तांदुळजा, राजगिरा, मटकी, हरभरा व भुईमूग ह्यांची जोड जेवणास रोज असावी. वर लिंबू वा आवळा असल्यास लोह अंगीं लागतें. शरीरांत लोह व चुना पुरेसा असला कीं शिसेंही कमी शोषलें जातें. चुन्यासाठीं नाचणी, तीळ व दूध हीं उत्तम. तथापि पाला कितीही खाल्ला तरी प्राथमिक आरोग्य केंद्रांत मिळणाऱ्या गोळ्या टाळूं नयेत. तसेंच कोणाच्या सांगण्यावरून मुळ्यांचा काढा गर्भिणीस देऊं नये. आणि आपल्या सीताफळाचा गर जितका गोड, तितकी बी विषारी, हें ध्यानीं असावें.

दसऱ्यानंतर धारूरकडील कितीएक जोडपीं कोयता घेऊन ऊसतोडीस परमुलखीं जातात. त्यांत गर्भिणीही असतात, आणि फडावरच्या दुकानांतील सुटी डाळ व सुटी हळद त्यांच्या चुलीवर शिजते. त्यांच्या गांठोड्यांत घरच्या जात्यावर भरडलेली दोन पायली तूरडाळ, परसांतील वाफ्यांतली हळद व वाळविलेला शेवग्याचा पाला बांधून द्यावा. ज्यांची स्वतःची जमीन आहे त्यांनीं आपल्या सालगड्याच्या व शेजाऱ्याच्या घरींही हें पोंचवावें. पेरतांना आपण बियाणें पारखून घेतों. मग ज्या कुशींत घराचें बीज वाढतें, तिच्या ताटांतील डाळ पारखण्यास आळस कां करावा?