प्रमाणपत्रांची मोजणी आणि कामाची जाण

सरकारी कचेरीत एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेलेला कारकून त्याच दिवशी त्या टेबलाचा जाणकार होतो, असे मानण्याची आपल्या प्रशासनाची जुनी चाल आहे. तीन वर्षे आस्थापनेवर बसून सेवापुस्तके भरणारा मनुष्य सोमवारी लेखाशाखेत जातो आणि मंगळवारी त्याच्यापुढे देयकांचा ढीग येतो. माहितीच्या अधिकारातील अर्ज त्याच्याकडे आला तर तीस दिवसांची मुदत त्याच्यासाठी थांबत नाही. 2005 च्या राज्याच्या कायद्याने बदल्यांना शिस्त लावली आणि कोणतीही धारिका सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक काळ अडवून ठेवू नये असेही सांगितले. परंतु नव्या टेबलावरील माणसाने ते काम शिकावे केव्हा आणि कोणाकडून, हा प्रश्न त्या शिस्तीच्या बाहेरच राहिला. पूर्वी तो शेजारच्या टेबलावरील एखाद्या वयस्क भाऊसाहेबांनी सोडविला. आता ते भाऊसाहेब निवृत्त झाले आहेत, त्यांची जागा भरली गेलेली नाही आणि त्यांच्या ठिकाणी संगणकाचा पडदा आला आहे.

या पडद्यामागे केंद्र सरकारची एक मोठी योजना उभी आहे. 2 सप्टेंबर 2020 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ला संमती दिली. सुमारे 46 लाख केंद्रीय कर्मचारी डोळ्यांपुढे ठेवून 2020-21 पासूनच्या पाच वर्षांसाठी 510 कोटी 86 लाख रुपयांची तरतूद करण्यात आली. भागाकार केला तर माणशी वर्षाला सुमारे सव्वादोनशे रुपये होतात. एरवी एखाद्या प्रशिक्षणवर्गाच्या एका दिवसाच्या चहापाण्यालाही ते पुरले नसते. संगणकावरून शिकविण्याखेरीज इतक्या लोकांपर्यंत पोचण्याचा दुसरा मार्ग नव्हता, हे मान्यच केले पाहिजे. ‘आयगॉट कर्मयोगी’ हे त्या शिक्षणाचे व्यासपीठ. राज्यांचे कर्मचारीही पुढे त्यावर आले.

या योजनेचा गाभा मात्र संगणकात नाही. कोण कोणत्या हुद्द्यावर आहे यापेक्षा त्याला कोणती भूमिका बजावायची आहे, त्या भूमिकेत कोणती कामे येतात आणि त्या कामांना कोणत्या क्षमता लागतात, याची उतरंड आधी मांडावी. मग माणसाजवळ काय आहे व काय उणे आहे ते पाहावे. आणि जे उणे असेल तेवढेच त्याला शिकवावे, असा तिचा विचार आहे. क्षमतांचे तीन प्रकार मानले आहेत : वागणुकीच्या, कार्यपद्धतीच्या आणि विषयज्ञानाच्या. टपालशाखेतील माणसाला अंदाजपत्रकाची तत्त्वे आणि अंदाजपत्रकाच्या माणसाला टपालाची नोंद शिकविण्याचा जो सरसकट उद्योग आजवर चालला, त्याला हा विचार छेद देतो. 2012 च्या राष्ट्रीय प्रशिक्षण धोरणातही क्षमतांचीच भाषा होती. तेव्हा ती कागदावर राहिली, कारण प्रत्येकाला वेगळे शिकविण्याचे साधन हाताशी नव्हते. आज ते साधन आहे.

क्षमता हा शब्द मूळचा कोठून आला हे पाहिले तर त्याचा उपयोग कसा करावा याचाही बोध होतो. हार्वर्ड विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड मॅक्लेलंड यांनी 1973 मध्ये एक निबंध लिहून बुद्धिमापन चाचण्यांऐवजी क्षमतांची पारख करावी असे प्रतिपादिले. परीक्षेत वर आलेला उमेदवार कामातही वर येतोच असे नाही, ही त्यांची तक्रार. परदेशांत अमेरिकेची बाजू मांडणाऱ्या माहिती अधिकाऱ्यांची निवड कशी करावी, असा प्रश्न त्यांच्या मंडळींपुढे आला तेव्हा त्यांनी तज्ज्ञांची समिती नेमून गुणांची यादी केली नाही. उत्तम काम करणारे म्हणून ज्यांचे नाव होते ते आणि बेताचे काम करणारे, अशा दोघांनाही त्यांनी बसवून विचारले : तुमच्या कामातले यशाचे आणि फजितीचे प्रसंग सांगा, तेव्हा तुम्ही नेमके काय केलेत ते सांगा. दोघांच्या सांगण्यात जो फरक आढळला, ती क्षमता. परक्या लोकांच्या मनाचा ठाव घेणे, कोणाचे वजन कोठे चालते हे लवकर ओळखणे, अशा गोष्टी त्यातून वर आल्या. कोणत्याही प्रश्नपत्रिकेत त्या नव्हत्या.

आपल्याकडे क्षमतांच्या याद्या बहुधा वरून खाली येतात. शिक्षकांना हा अनुभव नवा नाही. 1991 मध्ये दवे समितीने प्राथमिक शिक्षणासाठी किमान अध्ययन पातळ्या ठरविल्या आणि पुढे क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला. कल्पना चांगली होती : मुलाला काय येते ते पाहा आणि तेथून पुढे शिकवा. प्रत्यक्षात अनेक शाळांत क्षमतांचे तक्ते भिंतीवर चढले, नोंदवहीत बरोबरच्या खुणा वाढल्या आणि ती वही भरण्यात शिकविण्याचा वेळ गेला. मूल वाचू लागले की नाही, हे त्या खुणांवरून कळेनासे झाले. बालकांच्या बाबतीत जे घडले ते कारकुनांच्या बाबतीत घडणार नाही, असे समजण्यास आधार नाही.

किंबहुना त्याची चिन्हे दिसू लागली आहेत. ऑक्टोबर 2024 मध्ये राष्ट्रीय शिक्षण सप्ताह पाळण्यात आला आणि प्रत्येकाने निदान चार तास शिकावे असे उद्दिष्ट ठेवले गेले. तास मोजणे सोपे असते. पडद्यावर व्याख्यान चालू ठेवून, आवाज बंद करून, हातातले टिपण पुरे करणारा कर्मचारी आळशी असतो असेही नाही. त्याच्यापुढे सायंकाळपर्यंत जाऊ घालायची पत्रे असतात आणि शिकण्याचे तास त्या कामातून कोणी वजा केलेले नसतात. अशा वेळी तो सर्वांत लहान पाठ्यक्रम निवडतो, शेवटचे प्रश्न सोडवितो आणि प्रमाणपत्र घेतो. खात्याच्या तक्त्यात एक आकडा वाढतो. त्याच्या टेबलाला ज्या क्षमतेची गरज होती तिचा आणि त्या प्रमाणपत्राचा काही संबंध होता काय, हे विचारणारा तक्ता निराळा लागेल.

यात खरा अडसर भीतीचा आहे. आपल्याला अमुक येत नाही, हे कर्मचाऱ्याने मोकळेपणाने सांगितल्याखेरीज ही सारी व्यवस्था चालूच शकत नाही. पण जी नोंद गोपनीय अहवालापर्यंत जाऊ शकते, तीत आपले उणे कोण लिहून देईल? राज्यातील कर्मचाऱ्यांना आणि शिक्षकांना एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राचा आणि त्यावर अडलेल्या वेतनवाढींचा इतिहास पाठ आहे. संगणक शिकणे आवश्यक होते, याविषयी दुमत नाही. पण वेतनवाढ प्रमाणपत्राला बांधली गेली की लोक प्रमाणपत्रच मिळवितात, हाही धडा त्यातलाच आहे. म्हणून उणिवेची नोंद आणि बढतीचा निर्णय यांच्यामध्ये भिंत हवी. उणे कळविणाऱ्याला त्याची किंमत मोजावी लागली, तर पुढच्या वर्षी सगळ्यांना सगळेच येत असेल.

क्षमता पारखण्याचे कामही पडद्यावरच्या चार पर्यायी उत्तरांवर सोडून भागणार नाही. टिपणी नीट लिहिता येते की नाही, हे लिहिलेली टिपणी पाहून कळते. तक्रार घेऊन आलेल्या म्हाताऱ्याला कोणता कागद कोठे द्यायचा ते एका खेपेत समजावता येते की त्याला तीन खेपा घालाव्या लागतात, हे खिडकीशी उभे राहिल्यावर दिसते. ही पारख अव्वल कारकुनाने किंवा कक्ष अधिकाऱ्याने करावयाची आहे आणि त्यालाही ती शिकवावी लागेल. महाराष्ट्रापुरते आणखी एक. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने येथील कारभार मराठीचा झाला. नियमाचा अन्वयार्थ मराठीत लावायचा, पत्र मराठीत लिहायचे आणि ते कसे लिहावे हे मात्र इंग्रजी किंवा हिंदी व्याख्यानातून शिकायचे, ही ओढाताण कर्मचाऱ्याच्या माथी मारण्याचे कारण नाही. पुण्याच्या यशदासारख्या संस्थेने कोठल्याही एका तालुका कचेरीतील पाच टेबले घेऊन, तेथील उत्तम कर्मचाऱ्यांना मॅक्लेलंडच्या रीतीने बोलते केले, तर त्यातून निघणारे मराठी पाठ दिल्लीहून आलेल्या पाठांहून अधिक उपयोगी ठरतील.

2012 च्या धोरणाने वेतनावरील तरतुदीच्या निदान अडीच टक्के रक्कम प्रशिक्षणासाठी बाजूला काढण्यास सांगितले होते. पैशाचा हिशेब असा टक्क्यांत मांडला गेला. वेळेचा अजून कोणी मांडलेला नाही. आठवड्यातील एक तास, कचेरीच्या वेळेत, कामवाटपाच्या आदेशातच लिहून द्यावा आणि त्या तासात त्या टेबलावर दुसरा माणूस बसेल अशी तजवीज करावी, एवढ्यासाठी नव्या योजनेची गरज नाही. कार्यालयप्रमुखाच्या सहीचा एक आदेश त्याला पुरेल.