मैल्याचा गाळ : शेतासाठी की बांधकामासाठी?

मानवी मलापासून तयार होणाऱ्या खताला मराठी शेतकऱ्याने ‘सोनखत’ असे नाव दिले. कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी या खतासाठी सोप्या संडासांचे प्रयोग केले, त्यामागेही मैला ही घाण नसून संपत्ती आहे हीच दृष्टी होती. शहरांत मात्र भुयारी गटारांतून वाहत येणारे हे सोने एक ओझे होऊन बसले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार देशाच्या नागरी भागांत दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते व त्यापैकी केवळ २०,२३६ दशलक्ष लिटर पाण्यावर प्रत्यक्ष प्रक्रिया होत होती. उरलेल्या पाण्यासाठी केंद्रे उभारणे अगत्याचे आहे. परंतु पाणी जितके अधिक शुद्ध होईल, तितका गाळही अधिक साचेल. तो कोठे न्यावयाचा, याचा विचार केंद्राच्या आराखड्याबरोबरच व्हावयास हवा. या गाळाचा काँक्रीट, विटा व सिमेंट यांत उपयोग करण्याचा मार्ग जगात अनेक ठिकाणी अभ्यासला गेला आहे. त्याच्या शक्यता व मर्यादा येथे पाहावयाच्या आहेत.

गाळाचे प्रमाण

दररोज १० दशलक्ष लिटर सांडपाण्यावर प्रक्रिया करणाऱ्या एखाद्या केंद्राचा ढोबळ हिशेब पाहू. त्यातून सुमारे दोन ते अडीच मेट्रिक टन कोरडे घनद्रव्य निघते. यंत्राने पाणी पिळून काढल्यानंतरही गाळात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी राहते. म्हणजे प्रत्यक्षात दररोज १० ते १२ टन ओला गाळ उचलावा लागतो. त्यात रोगजंतू व जंतांची अंडी असतात. म्हणून तो उघड्यावर किंवा नाल्याकाठी टाकणे हा गावाच्या आरोग्याशी खेळ होय.

कच्चा गाळ का चालत नाही?

वाळवलेला गाळ थेट काँक्रीटमध्ये मिसळला तर काय होईल, असा प्रश्न साहजिक आहे. कोरड्या गाळाचा निम्मा किंवा त्याहून अधिक भाग सेंद्रिय असतो. सेंद्रिय द्रव्ये सिमेंट व पाणी यांची रासायनिक क्रिया मंदावतात. परिणामी काँक्रीट उशिरा घट्ट होते व त्याची ताकद घटते. पुढे हे द्रव्य कुजले की आत पोकळ्या राहतात. सबब कच्च्या गाळाला काँक्रीटमध्ये स्थान नाही.

गाळ सुमारे ८०० ते ९०० अंश सेल्सिअस तापमानात जाळला की सेंद्रिय भाग व रोगजंतू नष्ट होतात आणि कोरड्या वजनाच्या साधारण एक तृतीयांश राख उरते. या राखेत प्रामुख्याने सिलिका, ॲल्युमिना, चुना, लोह व स्फुरद यांची संयुगे असतात. औष्णिक वीज केंद्रांतील राखेशी तिची तुलना केली जाते. त्या राखेचाही एके काळी केवळ उपद्रव वाटे. १९९९ च्या केंद्रीय अधिसूचनेने तिच्या वापरास चालना दिली आणि आज ती विटा व सिमेंट यांतील नित्याचा घटक झाली आहे. परंतु दोन्ही राखा सारख्या नाहीत. वीज केंद्राच्या राखेचे कण गोल व गुळगुळीत असल्याने काँक्रीट सहज पसरते. गाळाच्या राखेचे कण वेडेवाकडे व सच्छिद्र असतात, ते पाणी शोषून घेतात. शिवाय तिच्यातील स्फुरद व जस्त सिमेंट घट्ट होण्यास विलंब लावतात. म्हणून सिमेंटच्या वजनाच्या सुमारे १० टक्क्यांपर्यंतच ती घालणे सामान्यतः युक्त मानले जाते. प्रमाण वाढवावे तशी ताकद कमी होते.

वरील केंद्रातून दररोज सुमारे ७५० किलो राख मिळेल. एक घनमीटर काँक्रीटला ३२० किलो सिमेंट लागते असे धरल्यास त्यात ३२ किलो राख सामावेल. म्हणजे रोजची राख संपविण्यास सुमारे २३ घनमीटर काँक्रीट पुरे. अडचण राख खपविण्याची नाही, ती तयार करण्याची आहे. ८० टक्के पाणी असलेला गाळ आपला आपण जळत नाही. तो वाळविण्यास इंधन लागते, धूर शुद्ध करण्यास यंत्रणा लागते. लहान नगरपालिकेने स्वतःची दहनभट्टी उभारणे परवडणारे नव्हे.

विटा आणि सिमेंटची भट्टी

वीट भाजताना सेंद्रिय भाग आपोआप जळतो, हा विटेचा लाभ. सिंगापूरमधील संशोधक ते जू-ह्वा यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत मातीत वजनाने ४० टक्क्यांपर्यंत वाळलेला गाळ किंवा ५० टक्क्यांपर्यंत त्याची राख मिसळून विटा तयार करता आल्या. मात्र गाळ वाढला तशी विटांची ताकद उतरली. आपल्याकडे भारतीय मानकानुसार विटेची किमान दाबशक्ती प्रति चौरस मिलिमीटर ३.५ न्यूटन असावी लागते. नुसती वीट भाजून निघाली म्हणजे काम झाले असे नव्हे.

सिमेंटच्या भट्टीचा मार्ग अधिक व्यवहार्य दिसतो. तेथे कच्चा माल सुमारे १,४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापतो. वाळलेला गाळ तेथे काही अंशी इंधन होतो, त्याची राख सिमेंटच्या घटकांतच मिसळते आणि निराळे अवशेष उरत नाहीत. आपल्या राज्यात चंद्रपूर व यवतमाळ जिल्ह्यांत सिमेंटचे कारखाने आहेत. जपानने नागरी कचऱ्याची राख व मलगाळ यांपासून बनणाऱ्या ‘इको-सिमेंट’साठी २००२ साली राष्ट्रीय मानक केले. त्यानुसार एक टन सिमेंटमागे किमान ५०० किलो टाकाऊ द्रव्य वापरावे लागते. टोकियोच्या तामा विभागात २००६ साली असा कारखाना सुरू झाला, त्यात प्रामुख्याने कचऱ्याची राख वापरली जाते.

स्फुरदाचा प्रश्न

यातील खरा पेच पुढेच आहे. गाळातील स्फुरद एकदा काँक्रीटमध्ये बंदिस्त झाला की तो शेताला कायमचा अंतरतो. स्फुरदयुक्त खतांसाठी लागणारा खनिज फॉस्फेट आपल्या देशाला बहुतांशी आयात करावा लागतो. जर्मनीने २०१७ च्या नियमांन्वये मोठ्या केंद्रांना २०२९ पासून गाळातील स्फुरद परत मिळविणे बंधनकारक ठरविले. त्यामागे हाच विचार आहे.

दुसरीकडे, कारखान्यांचे पाणी मिसळलेल्या गाळात शिसे, कॅडमियम, क्रोमियम असे धातू उतरतात. ते शेतात गेले तर पिकांत येतात. खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टात प्रति किलो कॅडमियम ५ मिलिग्रॅम व शिसे १०० मिलिग्रॅम यांहून अधिक असता कामा नये.

निर्णय कसा घ्यावा?

यावरून निवडीचे सूत्र स्पष्ट होते. ज्या गाळात धातू मर्यादेत आहेत, त्याचे रीतसर कंपोस्ट करून तो शेतास द्यावा. ज्यात ते मर्यादेबाहेर आहेत, तो भट्टीकडे जावा. बांधकाम हा गाळाचा पहिला मार्ग नव्हे. शेताला न चालणाऱ्या गाळाचा तो सुरक्षित मार्ग होय.

ग्रामपंचायतींच्या शौचकुपांतील गाळ सामान्यतः कारखान्यांच्या धातूंपासून मुक्त असतो. वाई व सिन्नर येथे ठराविक कालावधीने शौचकूप उपसून गाळावर प्रक्रिया करण्याची योजना राबविण्यात आली आहे. शेजारच्या गावांनी एकत्र येऊन अशी व्यवस्था करणे शक्य आहे. उपसा यंत्रानेच व्हावा. संरक्षक साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने मनाई आहे.

औद्योगिक वसाहत असलेल्या नगरपालिकांनी कारखान्यांचे पाणी घरगुती गटारात येऊ न देणे ही पहिली पायरी. त्यानंतरही राखेचा वापर करावयाचा झाल्यास तीन चाचण्यांवाचून काम मंजूर करू नये. सिमेंट घट्ट होण्यास ३० मिनिटांपूर्वी प्रारंभ होऊ नये व ६०० मिनिटांत ते पूर्ण घट्ट व्हावे, २८ दिवसांची दाबशक्ती नियमाप्रमाणे भरावी, आणि काँक्रीटमधून धातू पाझरत नाहीत याची प्रयोगशाळेकडून खात्री करून घ्यावी. सुरुवात पदपथाचे ठोकळे, कुंपणाच्या भिंती अशा बिनलोखंडी व कमी भाराच्या कामांपासून करावी. शाळेच्या छताने किंवा पुलाच्या खांबाने प्रयोगास आरंभ होऊ नये.

गाळ गावाबाहेर नेऊन टाकला की प्रश्न संपला, ही समजूत सोडली पाहिजे. तो विहिरीच्या पाण्यातून पुन्हा गावातच येतो. त्याची तपासणी करून योग्य वाट ठरविली, तर आज ओझे वाटणारी हीच वस्तू कोठे जमिनीला कस देईल, तर कोठे पदपथाला आधार.