हिवाळ्यात मैदानावरील हरळीची निगा

कपाशीच्या शेतात उपद्रवी ठरणारी हरळी खेळाच्या मैदानास मात्र उपकारक असते. जळगावनजीक पिंप्राळा परिसरात डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा गारठा वाढला की तिची वाढ मंदावते व ती पिवळी पडू लागते. ती मेलेली नसते. म्हणून खत-पाण्याचा मारा करू नये. या दिवसांत पाती फार खालून कापल्यास मुळांना अन्न पुरत नाही, गवत विरळ होते आणि उन्हाळ्यात मैदानावर धूळ उडते. याकरिता गवत सुमारे ४ सेंटिमीटर उंच राखावे. एका वेळी एक-तृतीयांशापेक्षा अधिक उंची कापू नये. दव वाळल्यावरच धारदार पात्याने कापणी करावी. जमीन वाळल्यावरच सकाळी पाणी द्यावे. थंडी सरून नवी फूट दिसताच नत्रखत द्यावे.