जपलेली प्रत उघडताना

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठीचे पाणी चिपळूणच्या बाजारपेठेत शिरले आणि दुकानांतील वह्या व संगणक चिखलात गेले. हिशेबाची एक प्रत पेन ड्राइव्हवर घेऊन दुसऱ्या गावी ठेवावी, हे त्यानंतर व्यापाऱ्यांस वेगळे सांगावे लागत नाही. समजा, ती त्याच तालुक्यात, घाटाच्या पायथ्याशी अलोरे येथे आप्तांकडे ठेवली. वस्तू व सेवा कर कायद्यानुसार वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेब जपावे लागतात. तेव्हा ही प्रत कधीतरी उघडावी लागणारच.

धोका नेमका तेव्हाच असतो. लिनक्स संगणकास ड्राइव्ह जोडताच बहुधा तो वाचण्यासाठी आणि लिहिण्यासाठीही खुला होतो. आपण केवळ पाहावयास बसतो, पण फाइल उघडल्याची तारीख बदलू शकते. ग्नूकॅशसारखी हिशेबप्रणाली मूळ फाइलशेजारी स्वतःच्या फाइली निर्माण करते. आणि लेखन चालू असता ड्राइव्ह उपटला गेला, तर सारी यादीच बिघडू शकते. जीवदया पाळणाऱ्या घरांत वस्तू हाताळताना जी जयणा सांगितली जाते, तीच येथेही हवी.

यासाठी ड्राइव्ह ‘केवळ वाचन’ पद्धतीने जोडावा. उबुंटूमधील ‘डिस्क्स’ या साधनात तो ड्राइव्ह व त्यावरील विभाग निवडून माउंटचे पर्याय उघडावेत, आपोआप लागू होणारी मांडणी बंद करावी आणि पर्यायांच्या ओळीत स्वल्पविराम देऊन ‘आरओ’ ही दोन इंग्रजी अक्षरे जोडावीत. ओळख म्हणून ड्राइव्हचा स्वतःचा क्रमांक निवडावा; म्हणजे पुढील वेळीही तोच ड्राइव्ह तसाच उघडेल, इतरांवर परिणाम होणार नाही. प्रशासकाचा पासवर्ड लागतो. आज्ञा लिहिण्याची सवय असलेल्यांना ‘माउंट’ आज्ञेसही हाच पर्याय देता येतो.

खात्री करावयाची, तर ड्राइव्हवर नवी फोल्डर करून पाहावी. नकार मिळाला पाहिजे. मग हिशेबाची फाइल संगणकावर उतरवून घ्यावी आणि काम त्या नकलेवर करावे.

मात्र ही मांडणी त्या एका संगणकापुरतीच असते. तोच ड्राइव्ह सल्लागाराच्या संगणकास लावला, तर तेथे पुन्हा लेखन होऊ शकते. शिवाय वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या पेन ड्राइव्हमधील माहिती आपोआपही क्षीण होते. म्हणून दिवाळीत वहीपूजनाच्या सुमारास जुनी प्रत अशा रीतीने उघडून नव्या ड्राइव्हवर उतरवावी आणि मगच जुनी बाजूला ठेवावी.